मुद्देमाल

सिस्टरनं बाटली टांगली, नळीचं चाक फिरवलं,
म्हणाली, गांगुर्डे काका, दीड तास. झोप आली तर झोपा.
मी औषधाचं नाव विचारलं. तिनं खोक्यावरचं वाचलं,
माझ्या जिभेला ते वळेना.
शेजारच्या खुर्चीशी बसलेली पोरगी, बापाला घेऊन आलेली,
फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला,
म्हणाली, हे मूळ झाडातलं आहे काका. आपल्या घाटातही होतं.
नरक्या म्हणतात.

खिडकीखाली मुंबई नाका,
वळणावर तिरकी अडकलेली सिटी बस.
माझा हात हलला असावा. सुई दुखली.

नरक्या.
त्र्यंबकच्या पुढे, अंबोलीच्या नाक्यावर, पहाटे पावणेचारला
टोमॅटोच्या क्रेटांखाली सापडला होता,
चौदा गोण्या, चिरलेला, ओला,
आणि वास असा, की पंचांनी नाकाला टॉवेल लावून सह्या केल्या.
पंचनामा माझ्याच हातचा:
सदर लाकूड उग्र दर्पाचे, वजन सहाशे बारा किलो,
सदर मुद्देमाल जागीच ताब्यात घेतला.
टेम्पोवाला उडी मारून पळाला. व्यापाऱ्याचं नावसुद्धा हाती नाही.
हाती लागला लहानू वारघडे,
गोण्यांवर बसून आलेला, एका पायात चप्पल.
किलोला सात रुपये, तेही अर्धे उधार.

त्यानं विचारलं होतं, साहेब,
हे चुलीत कोणी घालत नाही, शेळी तोंड लावत नाही,
याचं करतात काय?
मी म्हणालो, औषध.
कशावर?
तुला काय करायचंय, म्हणालो, अंगठा दे.

मला माहीत नव्हतं.

पोरगी वहीच्या मागच्या पानावर
दोन रेघा एकमेकींभोवती पिळून काढते.
पेशीची दुसरी पेशी व्हायची तर हा पीळ सैल व्हावा लागतो.
आत एक कारागीर असतो. दोर जरा कापतो,
पीळ सोडवतो, पुन्हा सांधतो.
हे औषध त्याला सांधू देत नाही,
कापलेल्या जागेवरच धरून ठेवतं.
मी म्हणालो, आम्ही ऐकलं होतं सुंभ जळला तरी पीळ जात नाही.
ती हसली. तिचा बाप नाही हसला.

चांगल्या पेशीही मरतात, ती हळू म्हणाली.
ते ठाऊक आहे. खुर्चीपासून संडासापर्यंत
अकरा पावलं. रात्री घरी, सोळा.

मेहुणा लक्ष्मणफळाची पानं ठेवून गेलाय,
सातपूरचे साडू गव्हांकुराचा रस.
झाडपाल्याचं आहे, म्हणतात, अपाय नाही.
तीस वर्षं झाडांत काढली मी. असं कुठलंच झाड
मला भेटलं नाही.
डॉक्टर नुसतं बघू म्हणतात. स्कॅन होऊ दे, मग बघू.
मीही वर असंच लिहून पाठवायचो,
शोध सुरू आहे.

ही बाटली कुठल्या डोंगराची, कोण सांगणार.
लागवडीची असेल. चोरीचीही असेल.
आमच्या चौदा गोण्या डेपोत पावसाळ्यांखाली सडल्या,
कोणाच्याच पोटात गेल्या नाहीत.
केस अजून उभी आहे.
बावीसला पुढचा डोस, तेवीसला साक्ष.
दोन्हींना आमच्या घरात तारीखच म्हणतात,
बायकोला विचारावं लागतं, कुठली.

लहानू येईल. म्हातारा झाला असेल तोही.
बाकावर शेजारी बसला तर सांगेन त्याला कशावर ते.
काय म्हणेल, अंदाज नाही.
बहुतेक उरलेले पैसे मागेल.

बाटली तळाशी आली. मी स्टँड ओढून घेतला,
नाक लावलं प्लास्टिकला.
काहीच नाही. पाण्याचासुद्धा वास नाही.
काका, काय चाललंय? सिस्टर धावत आली.
काही नाही, म्हणालो.
ओळख पटवतोय.