अर्ध्या तासाचं पाणी

पहिल्यांदा नापास झाले तेव्हा
माझं पुस्तक सगळं पिवळं होतं.
पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत
त्या जाड पेनाच्या तडाख्यातून
एक ओळ सुटू दिली नव्हती मी.
सीरो, माझा मुलगा, बारा वर्षांचा, पानं उलटत म्हणाला,
"आई, तू हे वाचलं नाहीस. रंगवलंस."

थोबाडीत बसल्यासारखं झालं. पण खरं होतं.

मी फेरीबोटीवर तिकिटं फाडते.
मुख्य भूमीवरून चिलोए बेटावर, बेटावरून परत,
चाकाओच्या सामुद्रधुनीतून अर्ध्या तासाचं पाणी.
शेजारी पुलाचे खांब वर येताहेत.
पूल झाला की गाड्या थेट जातील,
आणि चौतीस वर्षांची, शाळा अर्ध्यात सोडलेली
नेल्दा मिलालोंको,
तिला कोण विचारतंय?

सगळ्या गाड्यांची तिकिटं फाडून झाली
की उरतात अकरा मिनिटं.
इंजिनाच्या खोलीमागे, जिथे ऊब असते,
दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून मी एक पान वाचते. एकच.
धक्का दिसला की पुस्तक रेनकोटात.
मग हातात दोर,
आणि डोक्यात जे उरलं असेल ते.

आधी राग यायचा याचा.
वाटायचं, टेबल हवं, दिवा हवा, दार लावलेली खोली हवी,
मग बघा म्हणावं.
पण दोर ओढताना पुटपुटायची सवय लागली:
पान हिरवं का, पाणी वर कसं चढतं,
ऊन जातं कुठे.
आणि जिथे अडायची,
दात पडल्यावर जीभ जाते ना, तशी
दिवसभर तिथेच जायची मी.
परतीच्या खेपेला आधी तेवढंच उघडायचं.
न आठवण्याचाही उपयोग असतो
हे शाळेतल्या कुठल्याच बाईंनी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी म्हाताऱ्या आबेलिनोचा बटाट्याचा ट्रक.
काच खाली करून तो पैशांआधी विचारतो,
"काय गं, झाडं या आठवड्यात काय जेवली?"
मी सांगते. तो मान हलवतो. "नाही कळलं."
त्याला कळलं नाही म्हणजे
मलाच कळलेलं नाही, एवढं आता मला कळतं.
पुढच्या मंगळवारी पुन्हा:
"तुझ्या गोणीत आहे ना, ते मागच्या उन्हाळ्यातलं ऊन आहे."
त्यानं वळून हौद्याकडे पाहिलं.
बराच वेळ.
मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या.

वर्गमूळ मात्र आठ दिवस टिकत नाही माझ्याकडे.
एकदा हट्टानं अडीच वाजेपर्यंत बसले,
सकाळी एकाच बसचं तिकीट दोनदा फाडलं,
आणि रात्रीचं म्हणाल तर कोरी पाटी.
तेव्हापासून दहाला दिवा बंद.
सीरो म्हणतो, घोरतेस.
घोरू दे.

परीक्षेला नेमका मंगळवारच आला.
कास्त्रोच्या शाळेत, पोरांच्या बाकात
गुडघे मावेनात.
इतकी शांतता की काही सुचेना.
मग दातांमागे इंजिन सुरू केलं, अगदी हळू, घर्रर्र.
शेजारच्या बाईनं वळून पाहिलं.
पाहू दे.
पान वर येऊ लागलं होतं,
ओलं, दोरखंडाचा वास असलेलं.

निकाल अजून लागायचाय.
काल म्हाताऱ्यानं काच खाली केली
तेव्हा मी वाटच बघत होते,
की विचारेल, पेपर कसा गेला.
तो म्हणाला, "बायकोला सांगितलं मी, बटाटा म्हणजे ऊन.
ती म्हणते, मग मातीखाली, अंधारात
कसा काय वाढतो मेला?"
आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला.

मी त्याचं तिकीट फाडलं.
म्हटलं, "पुढच्या मंगळवारी,"
आणि दोरखंडावर जाऊन बसले.