दोन गंधारांमधली फट

मुहर्रकच्या गल्लीत, बेकरीच्या पाठीमागे,
माझं दुकान म्हणजे एक टेबल, एक पंखा
आणि भिंतीला टेकलेले, पोट फुटलेले अकरा ऊद.
मी मिरजेचा. भोपळे वाळवणाऱ्या,
तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या घरातला.
इथं आलो ते एसीच्या डक्टचे पत्रे वाकवायला.
कंत्राट संपलं, पत्रा सुटला,
हात आपसूक लाकडाकडे गेले.

शेजारी घानिम बिन मरहून.
वय विचारलं की म्हणतो, शेवटच्या मोत्याहून लहान.
त्याचा बाप जहाजावर गायचा पगार घेई.
दोर ओढायला माणसं, बुडी मारायला माणसं,
आणि एक माणूस फक्त गायला,
बाकीच्यांना आपले तळवे आठवू नयेत म्हणून.

ही गाणी जिथं बसून गातात
त्या घराला इथं म्हणतात, दार.
पहिल्या दिवशी मला कुणी सांगितलं, दारात ये,
मी उंबऱ्यावरच उभा राहिलो, तासभर.
घानिमला समजावलं, आमच्यात दार म्हणजे काय ते.
पोट धरून हसला.
मग डोळे पुसत म्हणाला, तेच की.

त्याची नात शैमा. तिनं आजोबाला रेकॉर्ड केलं,
सहा रात्री, खिडक्यांना गोधड्या लावून.
लॅपटॉपनं सूर साफ केले.
तिसरा स्वर, जो जरा अलीकडे बसतो,
त्याला ओढून शुद्ध गंधारावर नेलं,
शाळेत निघालेल्या पोराचा
तेल लावून भांग पाडावा तसं.
घानिमनं डोळे मिटून सगळं ऐकलं.
म्हणाला, चांगला गातो. कुठला आहे हा?

शैमा काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, ऊद घेऊन.
मिस्त्री, तुला कळतं. नेमकी जागा दाखव,
मी मशीनला आकडा देते.

आता कशी दाखवू?
आमच्या पेटीत काळी आणि पांढरी यांच्यामध्ये
एक फट असते. तिथं तपकीर अडकते,
भजनाच्या रात्रीची बुक्क्याची काळी पूड अडकते.
तो सूर तिथं राहतो.
कोमल म्हणावं तर अंग चोरत नाही,
शुद्ध म्हणावं तर छाती काढत नाही.
तरी ऊदाच्या बिनपडद्याच्या मानेवर
मी पेन्सिलनं एक रेघ मारली. केसाएवढी.

घानिमनं अंगठ्याला थुंकी लावली आणि ती पुसली.
सकाळी इथं, म्हणाला.
चढताना इथं. उतरताना, हे बघ, इथं.
बाप गेला त्या वर्षी पार इथं होता,
मग हळूहळू वर आला.

माझा बाप तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा,
मागे, पुढे, तिळाएवढा,
तार एकदम उघडेपर्यंत.
म्हणायचा, सापडली.
कधी खूण केली नाही त्यानं.
आम्हाला वाटायचं, विद्या लपवतोय.

गुरुवारी दारात वीस-बावीस पोरं जमली.
कुणाच्या कानात अजून हेडफोन,
एकजण कीबोर्ड घेऊन, त्यात पाव सुराचं बटण.
त्यानं बटण दाबलं. आकडा बरोबर होता,
सूर मेलेल्या माशासारखा वर तरंगला.
हसू फुटलं. तोही हसला, कीबोर्ड भिंतीकडे फिरवला.
मग खालचा घुंकार सुरू झाला,
छातीतून नाही, चटईखालून यावा असा,
मातीच्या घड्यांवर तळहात पडले,
आणि घानिमनं तो स्वर घेतला. थोडा उशिरा.
थोडा थरथरता. म्हातारपणाचा की मुळातलाच,
ते मला सांगता येणार नाही.

शैमानं या वेळी काही साफ केलं नाही.
खोकला ठेवला, बाहेरच्या स्कूटरचा हॉर्न ठेवला.
मी विचारलं, पुढच्या गुरुवारी तो जागचा हलला तर?
मग पुन्हा रेकॉर्ड करू, म्हणाली,
वायर गुंडाळत.

पेन्सिल कानावरच राहिली होती.
घरी आल्यावर सापडली.