थोटूक

साक्रीच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत.
मेंढ्याच्या कमरेवर पंजा दाबतात, दात बघतात,
मग हातांवर रुमाल पडतो
आणि दोन माणसं आभाळाकडे बघत
बोटांनी भांडतात.

एक बोट हजाराचं.
पाचशेला अर्धं बोट धरायचं, अशी रीत.
आमच्या बाशी सौदा करताना मात्र
हारून दलाल सरळ थोटूक धरायचा.
शहाद्याच्या वाटेवर तट्टू बुजलं होतं एकदा,
दोराचा पीळ अनामिकेवर बसला
आणि अर्धं बोट दोरासोबत गेलं.
बा म्हणायचा, बरं झालं,
पाचशे रुपये अंगावरच वागवतो,
चोर नेईल कसे!

यंदा तेरा मेंढे घेऊन मी गेलो.
बुराईला पाणी नव्हतं, पात्रातूनच हाकले.
आठ रात्री मेंढरं बसवली होती कुणाच्या रिकाम्या कपाशीत,
ठरलेल्या बाजरीत त्यानं दोन पायल्या मारल्या,
भांडायला बा नव्हता.
मेंढ्यांच्या कानांना काप मात्र त्याच्याच हातचा.

"दगा ठेलारीना पोऱ्या ना तू? बाप कोठे से?"
हारूननं विचारलं, आणि मग त्याला
माझ्या डोक्यावरचं पागोटं दिसलं.
खाकरला. रुमाल झटकला. टाकला.

आधी पूर्ण पंजा.
मग दोन बोटं.
मग त्याचा हात माझ्या हातात
काहीतरी चाचपत राहिला.
माझी पाचही बोटं धड.
पहिल्यांदाच लाज वाटली त्यांची.

शेवटी त्यानं अनामिका धरली,
बाचं बोट जिथं संपायचं, बरोबर तिथं.
वरचे पाचशे होते ते. मेंढ्यामागे मोजून मिळाले.
पण पाचशे धरायला एवढा वेळ लागत नाही.
मागचा गिऱ्हाईक ओरडला, "आटपा ना भो!"
तेव्हा कुठं रुमाल उचलला गेला.

रात्री तळावर आईनं विचारलं, "कितलाले?"
शेजारी भावकीच्या चुली पेटलेल्या,
अशा वेळी बा घोंगडीआड तिच्या हातात भाव सांगायचा.
मी घोंगडी ओढली.
पंजा दिला. दोन बोटं दिली.
मग अनामिका पुढे केली आणि म्हणालो, अर्धंच धर.

तिनं सगळं बोट धरलं.
कुत्रं कुठंतरी भुंकलं, तेरा मेंढ्यांची जागा सोडून
बाकीची मेंढरं रवंथ करत बसलेली.
तिनं ते सोडलं नाही.