समुद्रसपाटीपासून

पाटी मीच रंगवली:
मसुरी. समुद्रसपाटीपासून उंची ६५८० फूट.
पिवळ्यावर काळं, आणि सौम्यदीपने सांगितल्याबरहुकूम
'उंची'च्या वेलांटीवर थोडा गंज.

शेड घणसोलीत, खाडीच्या अंगाला,
जिथं रिक्षावाला म्हणतो, पुढे रस्ता नाही, उतरा.
आत एकवीस दिवसांत उभा राहिला मॉल रोड:
प्लायवूडचं चर्च, फायबरचे देवदार,
पीव्हीसीचे दिव्यांचे खांब,
आणि साहेबाच्या काळातलं पोस्ट, ज्याला मागची बाजू नाही.
मागून पाहिलं तर मसुरी म्हणजे
नुसते बांबू, आणि एका बांबूला टांगलेला
सुताराचा जेवणाचा डबा.

मी मसुरी पाहिलेली नाही.
फोनमध्ये चारशे अकरा फोटो होते.
एकात, कठड्यावर कुणीतरी नाव कोरलेलं,
तेही मी कोरलं. भुवन, १९८७.
कोण होता, विचारू नका.
पटकथेत नव्हता. कॅमेऱ्यातही आला नाही.

खऱ्या मसुरीत का जात नाही, मी विचारलं.
परवाने, गर्दी, हॉटेलांचे भाव, सौम्यदीप म्हणाला,
आणि तिथला बर्फ सांगून पडत नाही.

इथला पडतो.
इथला बर्फ म्हणजे मीठ,
दीडशे गोणी, बारीक दळलेलं.
ते छताजवळच्या लोखंडी फळीवरून पेरायला
हसूराम मढवी, आमचा हसूकाका,
रोजचे आठशे आणि दोन वेळचा चहा.
पहिल्या दिवशी त्याने विचारलं,
मसुरी म्हणजी? मसुराची डाल पिकते का थं?
सगळे हसले.
मग त्याने गोणी फोडली, चिमूट जिभेवर ठेवली,
आणि पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी
तसा थोडा वेळ तिथंच राहिला.
"ह्या आपला मीठ नाय, पोरी. भाईरचा हाय."

आपला म्हणजे कुठला, ते बोटाने दाखवलं:
खाली, सिमेंटच्या कोब्याकडे.
चर्च आहे तिथं त्याच्या बापाचे वाफे,
पोस्टाच्या जागी उघाडी,
आणि नायिका जिथं शाल सावरत मागे वळते
तिथं मिठाची रास, माणसाहून उंच,
चैत्रातल्या दुपारी तिच्याकडे बघवत नसे.

मग भराव, नंबर, कुंपण.
हे त्याने सांगितलं नाही. हे मला ठाऊक आहे.
आमच्याही घरी त्या कागदांची एक पिशवी आहे.

काका वरून पेरत राहिला,
भात पेरल्यासारखं, मूठ सैल, मनगट खेळतं.
हळू, काका, बर्फ आहे, गारा नाहीत! खालून आरोळी.
तिसऱ्या टेकला असं काही पडलं
की लोकरीत घामाने निथळणारी ती मुलगी
संवाद विसरून वर बघत राहिली.
तोच टेक ठेवला.

होळीची सुट्टी. पौर्णिमेचं उधाण.
रात्री खाडी गटारातून उलटी वर आली,
शटरखालून आत,
मॉल रोडने, घाई नसलेल्या पाहुण्यासारखी.
सकाळी कुलूप काढलं तेव्हा
बर्फ गेलेला.
घोट्याएवढ्या पाण्यात देवदार उलटे,
चर्च फुगलेलं,
प्रोडक्शनवाला फोनवर कुणाची तरी आई काढत होता.

काका चपला हातात घेऊन आत शिरला.
बोट बुडवलं, चाखलं.
बोलला काही नाही, फक्त पोस्टाकडे पाहिलं,
उघाडी लावायची कुणी विसरलं की काय, तसं.

पाटी तेवढी जागेवर होती.
६५८० फूट.
पाणी तिच्या खालच्या चौकटीला लागलेलं.
मी फोन काढला.
चारशे बारा.