चौथी खुर्ची

ओर्ताच्या धक्क्यावरून चढून येणारा वारा
सगळ्यांनाच मीठ उधारीवर देतो.
रोज चिमूट चिमूट,
लोखंडाच्या सांध्यासांध्यात.
मार्च उजाडला की वसुलीला येतो :
इथे एक पोपडा, तिथे अख्खा पाय.

देओलिंदा म्हणते, आधी धू.
गोडं पाणी, साबणाचे चार थेंब, फाटका मोजा.
मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर.
घाई केलीस तर गंज रंगाखाली निजून राहील
आणि पहिल्या वादळाला कूस बदलेल.

मी घासतो. हिरवा निघतो.
त्याखाली पांढरा, तिच्या लेकीच्या लग्नातला.
त्याखाली निळा, बोटीला लावून उरलेला.
(बोट विकली, बुडाली नाही,
हे ती दर वर्षी बजावून सांगते.)
निळ्याखाली मग लोखंडच,
काळं, गार,
जिभेवर नाणं ठेवावं तशा चवीचा वास.

तीन खुर्च्यांना रेड ऑक्साइडचा हात दिला.
अंगणात त्या उभ्या,
सोललेल्या बीटासारख्या, ओशाळलेल्या.
चौथीकडे वळलो, तर म्हणाली, थांब.

चौथी औरेलियोची.
तिच्या एका पायाखाली एस्कुदोचं नाणं आहे,
फरशी तिथे दबलेली म्हणून त्याने सरकवलेलं.
ते चलन गेलं, तोही गेला,
खुर्ची अजून डुगडुगत नाही.
उजव्या हातावर, जिथे त्याचा तळवा असायचा,
तेवढी वीतभर जागा कधीच रंगली नव्हती
आणि कधीच गंजली नव्हती.
आता तिथे बारीक तांबूस लव आली आहे,
मिसरूड फुटावं तशी.

मला वाटलं, म्हणेल, तेवढं सोडून रंगव.
अशी माणसं मी पाहिली आहेत,
एका खिळ्याभोवती अख्खं घर जपणारी.

ती म्हणाली, बस.
अगं, रंग?
बस म्हणते ना. दोन वर्षं कुणी टेकलं नाही तिच्यावर,
ब्रशने काय होणार आहे.
आणि पिकोच्या माथ्याकडे बघ, ढग बसलाय,
रंग आज वाळायचाही नाही.

मग चीज आलं, कालचा मक्याचा पाव आला,
मी तळवा कुठे ठेवावा ते न सुचून
मांडीवरच ठेवला बराच वेळ.
नंतर विसरलो.

घरी ग्रासा म्हणाली, हे काय पँटला मागे?
जाळीची नक्षी, विटकरी, चांगली ठसठशीत.
दोनदा भिजवली.
गेली नाही.