तिथीची पाऊणपट

डब्यावर चार दिवे.
चारही हिरवे, म्हणजे वेलदूर जगात आहे.
तिसरा नारिंगी झाला की डबा स्वतःच स्वतःची नाडी बघतो,
स्वतःला विझवतो, पेटवतो
आणि मोबाइलवर निरोप टाकतो:
अडचण सापडली. अडचण दूर केली.
आपल्याला काहीही करायचं नाही.

मला करायचं असतं.
चिपळूणच्या सीएची बिलं भरते मी, नगाला चार रुपये.
अर्ध्यात तुटलं की पुन्हा पहिल्या रकान्यापासून.

रोज तुटायचं. एकदाच, दोन मिनिटं.
डब्याने चॅनल बदलून पाहिला,
शेजारच्या रोहिलकरांच्या वायफायवर संशय घेतला,
मग सुचवलं, मायक्रोवेव्ह लांब ठेवा.
आमच्याकडे मायक्रोवेव्ह!
मुबीन सोलकर दाभोळहून फेरीबोटीत शिडी घालून आला,
खांबावरचा जोड बदलला, चहा प्याला,
म्हणाला, वहिनी, काचेच्या तारेला मीठ लागत नाही,
बाकी सगळ्याला लागतं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.

शेवटी मी कॅलेंडरच्या मागे वेळा लिहिल्या.
मंगळवार, तीन पाच.
बुधवार, तीन एकावन्न.
गुरुवार, चार चौतीस.
शुक्रवारी नाहीच.
शनिवार, सहा दोन.

सासरे पडवीत जाळं सांधत होते
(नेट आणि जाळं, हा विनोद आमच्याकडे कधीच शिळा झाला).
कागद लांब धरून बघितला, सुई दातात तशीच.
"आगो, ही तं भरतीची येल.
चौथीला तीन, पंचमीला पावणेचार. तिथीची पाऊणपट कर."
आणि शुक्रवार?
"शुक्रवारी वारा व्हता. कोन गेलंच नाय."

इतकंच होतं.
भरतीबरोबर होड्या खाडीत शिरतात,
धक्क्यावर बर्फ फोडायचं मशीन सुरू होतं,
गावभरचे बल्ब नुसती पापणी लववतात,
आमचा डबा तेवढा घेरी येऊन पडतो.
आणि उठून शपथेवर सांगतो, वायफायची गर्दी होती.

मुबीन म्हणाला, बॅटरी बसवू, साडेअकराशे.
ती यायला अकरा दिवस लागले.
त्या अकरा दिवसांत
तिसरा दिवा नारिंगी झाला की मी तांदूळ धुवायची.
प्रणेश बर्फ, वजन, हिशेब आटपून
दारात येईपर्यंत भात उतरलेला.
कसं कळतं तुला, त्याने एकदा विचारलं.
मी म्हटलं, अडचण सापडली.

बॅटरी बसली. आता काही तुटत नाही.
डबा दर सोमवारी स्वतःची पाठ थोपटतो:
आपलं कनेक्शन शंभर टक्के निरोगी.
बिलं भराभर जातात.
भात कधी गार, कधी कच्चा.

आज वद्य पंचमी.
प्रणेश तीन दिवस खोल पाण्यात,
तिकडे मोबाइलला रेंज नाही.
दुपारी साडेतीनला मी बॅटरीची पिन काढली,
डबा भिंतीच्या विजेवर सोडला
आणि एक लांबलचक बिल भरायला बसले.
अकराव्या रकान्यात होते.
बल्बने पापणी लववली.

बिल गेलं. चार रुपये.
मी तांदळाच्या डब्याकडे गेले.

कंपनीच्या कुठल्याशा पडद्यावर
या क्षणी एक ओळ उमटली असेल:
तीन अठ्ठेचाळीस, संपर्क तुटला.
तीन पन्नास, आपोआप जोडला.
कारण: अज्ञात.