तीनाचे सहा मीटर

वर्षातून दोनदा मी तुरुंगात डोळे तपासायला जाते.
पुंता अरेनासच्या त्या इमारतीत
सलग सहा मीटर लांब असं काहीच सापडत नाही,
म्हणून सोबत एक आरसा नेते.
तक्ता कैद्याच्या डोक्यामागे टांगायचा,
आरसा समोर, तीन मीटरवर.
जाऊन तीन, येऊन तीन.
कागदोपत्री अंतर पूर्ण होतं.

एलेउतेरिओ बारिआ, वय एकावन्न.
पूर्वी खेकड्यांच्या बोटीवर, नाळेशी उभा राहणारा,
पाण्याच्या रंगावरून खडक ओळखणारा.
गेल्या खेपेला सहावी ओळ वाचली होती त्यानं,
आज चौथीवर अडला.
"अक्षरं बारीक केलीत का, बाई?"
नाही.
"मग लांब गेली असतील."

त्याच्या कोठडीला खिडकी आहे. नाही असं नाही.
पण पलीकडे नवी वसाहत झाली,
बाल्कनीतल्या लोकांना हे चेहरे नकोसे झाले,
तेव्हा काचांना दुधी कागद डकवला.
उजेड येतो, तो म्हणाला,
पण पाहुण्यानं यावं आणि गाव सांगू नये, तसा.
तांबडं फुटत नाही, उन्हं कलत नाहीत.
पांढरं असतं, मग ट्यूबलाइट असते.
जूनमध्ये आमच्याकडे दहाला उजाडतं;
त्याला सव्वासहाला, बटण दाबून.

दृष्टीआड सृष्टी, म्हणतात.
मी ते उलटं होताना पाहिलंय:
सृष्टी काढून घेतली
की दृष्टीही हळूहळू निघते तिच्या वाटेनं,
धन्यामागे कुत्रं जावं तशी.

म्हणून मागच्या वेळी औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं:
लांबचं पाहणे, रोज वीस मिनिटं. पाणी असल्यास उत्तम.
भांडारातून शिक्का मारून परत आली:
"वस्तू शिल्लक नाही."

ओयार्सून हवालदारानं ती चिठ्ठी आज मला दिली, हसला,
मग हसू अर्ध्यावर ठेवून बुटांकडे बघत राहिला.
त्याच्या खोलीला साधी, स्वच्छ काच आहे,
थेट सामुद्रधुनीवर उघडणारी.
तिच्याकडे पाठ करून तो दिवसभर
कॅमेऱ्यांचे बारा पडदे बघतो.
"मला केटली ठेवायचीय," तो म्हणाला.
"दार कधीकधी उघडं राहतं."

मी आरशाचा स्क्रू सैल केला.
डावीकडे. अजून. खाली नको.
तक्ता सरकून गेला आरशातून,
आणि तिथे
दार, दारात खिडकी, खिडकीत
करडी, वाऱ्यानं पिंजलेली एक पट्टी.

बारिआचा हात पुढे गेला, मग मांडीवर परतला.
"वाचा," मी म्हटलं, सवयीनं.

"पश्चिमेचा वारा.
फेस तुटतोय, म्हणजे पंचवीस नॉटच्या वर.
एक तांबडी बोट. परततेय. भरलीय,
बसलीय बघा पाण्यात.
पलीकडचा किनारा...
छे, ढग असतील.
थांबा.
बेटच. बेटच आहे ते."

किती झाले? तीन, अधिक दारापर्यंतचे नऊ,
अधिक तीसेक किलोमीटर.
बेरीज कुठल्या रकान्यात मांडायची कळेना.
केटली शिट्टी फुंकत होती.
ओयार्सूननं ती बराच वेळ उतरवली नाही.

फॉर्मवर मी चष्म्याचा नंबर लिहिला, उणे पाऊण.
खरा होता तो.
पुढील तपासणी: सहा महिन्यांनी.
आरसा तिथेच विसरावा असंही मनात आलं,
पण यादीत नोंद असते, फाटकाशी मोजून घेतात.

बाहेर वाऱ्यानं कोटाची बटणं लावू दिली नाहीत.
बसथांबा उजवीकडे होता. मी डावीकडे,
धक्क्यापर्यंत गेले, आरसा काखेत.
तांबडी बोट लागत होती.
खरंच भरलेली होती.